परतणीचा माळ

चुळझरीला मुक्कामाला आलेला पाहुणा पहाटे लवकर उठला, तर त्याला एक गोष्ट दिसते आणि ती त्याला उलगडत नाही. गावाच्या उगवतीला खडकातून झरा पाझरतो. एका वेळी चूळभर पाणी देतो, म्हणून तो चुळझरा. त्याच्या पायाशी दगडातच आपसूक झालेलं कुंड आहे, गुडघाभर खोल. रात्रभर थेंबथेंब साचून उजाडता उजाडता ते काठोकाठ भरतं. बाया घागरी घेऊन येतात आणि कुंडाच्या कडेला ओळीनं बसतात. घागर मात्र कुणी बुडवत नाही. पाणी काठावरून सांडतं, खडकावरून ओघळतं, मातीत जिरून जातं. बाया समोरच्या माळाकडे बघत बसून राहतात.

मग माळावरून हरणं येतात. एकामागं एक, खाली मान घालून, थेट झऱ्याच्या रोखानं. झरा हाकेच्या अंतरावर राहिला की पुढची हरणी थांबते. तिच्यामागं सगळी थांबतात. पाण्याकडं बघतात. कान हलवतात. आणि वळून, आली तशी माघारी जातात. जिथं ती थांबतात तिथं बांध नाही, ओढा नाही, साधी तारही नाही. फक्त गवताला रेघ पडली आहे: पलीकडचं गवत चरून बोटभर उरलेलं, अलीकडचं गुडघाभर वाढून वाळलेलं. हरणं दिसेनाशी झाली की म्हातारी बाई आधी उठते, मग बाकीच्या उठतात, आणि घागरी बुडू लागतात.

पाहुणा विचारतो, "तिथं काय आहे हो?"

त्याला सांगावं लागतं, की बाबा, आता तिथं काही नाही. होतं ते होऊन गेलं.

या माळाला परतणीचा माळ म्हणतात. त्याचं असं सांगतात.

फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नये; एवढंच की तेव्हा या अंगाला एकही विहीर नव्हती, आणि माळावर माणसांपेक्षा हरणं जास्त होती. झऱ्याच्या डाव्या हाताला धनगरांची वस्ती होती. उजव्या हाताला खोल घळ होती, ती अजूनही आहे. वस्तीवर बायडा नावाची सून होती. माहेर तिचं नदीकाठचं. लग्न होऊन आली तेव्हा परकर नीट आवळता येत नव्हता, एवढीशी. सासू लखाई तोंडाची फटकळ, पण पोटात माया. तिनं पोरीच्या हातात काठी दिली आणि मेंढरांमागं धाडली. मेंढरं राखता राखता बायडाला हरणांचा नाद लागला.

दिवसभर माळावर काढणारा माणूस दुसरं बघणार काय? बायडानं बघितलं, आणि बघितलेलं ती विसरली नाही. काळवीट आपल्या हद्दीत एकाच जागी लेंड्या टाकतो, त्यांचा ढीग होतो, आणि दुसऱ्या नरानं तो ढीग ओलांडला की शिंगाला शिंग भिडतं. डोळ्यापुढची वासाची गाठ तो काडीच्या शेंड्याला घासतो, म्हणजे वाऱ्यालाही कळावं, इथं कोण आहे ते. हरणी पाडसाला गवतात दडवते आणि लांब जाऊन चरते. आपण बघतोय असं दिसलं, तर मुद्दाम उलट्या दिशेला चालू लागते. पाडसू आई येईपर्यंत कान हलवत नाही, अंगावर माशी बसली तरी. उन्हाच्या वेळी कळप टेकाडावर बसतो, चारी दिशांना तोंडं करून. उजाडताना पाण्याला येतो. बारा महिने तेवढाच त्यांचा मुलूख: ते टेकाड, त्याच्या पोटातली खोलगट आणि घळ नि वस्ती यांच्या मधली ही चारशे पावलांची पट्टी. पुढारपण हरणीचं. तेव्हा कळपापुढं एक कान फाटलेली हरणी असे. बायडा तिला कानतुटी म्हणायची.

लखाई म्हणायची, "सून केली मेंढरांसाठी, अन् लग्न लागलं हरणांशी."

बायडाच्या हातची आणखी एक गंमत सांगतात. दिवस मावळताना मेंढरं कोंडायची, तेव्हा ती दारात आडवी काठी धरायची. पहिली मेंढी उडी मारून आत जायची. दुसरी जायची. तिसरीच्या वेळेला बायडा हळूच काठी काढून घ्यायची. तरी तिसरी उडी मारायची, चौथी मारायची, पार शेवटचीपर्यंत सगळ्या मारायच्या, नसलेल्या काठीवरून. वस्तीवरच्या पोरी हसून हसून लोळायच्या. बायडाही हसायची.

पुढं तीन वर्षं पाऊस फिरकला नाही. तिसऱ्या वर्षी बायडाचा नवरा धुळा मेंढरं घेऊन नदीच्या मुलखाला गेला. धनगराची रीतच ती. पाणी आटलं की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, कोंबड्या वर बांधायच्या आणि निघायचं. पण बायडाची लेक चिमा दीड वर्षाची, तापानं सुकून काडी झालेली. वाटेत टिकली नसती. म्हणून बायडा, चिमा, लखाई आणि दुधाला एक मेंढी एवढी मागं राहिली.

झरा रात्रीतून एकच कुंड देऊ लागला. तेवढ्यावर अख्खं गाव. आणि उजाडताना हरणं येऊन ते कुंड तळापर्यंत पिऊन जायची. बाया येऊन बघतात तर चिखल आणि खुरांचे ठसे. त्या फाल्गुनात गावातली तीन तान्ही लेकरं गेली म्हणे. चौथी चिमा, असं सगळे मनात म्हणत होते.

रायाजी पाटील चार माणसं घेऊन वस्तीवर आला.

"बायडे, त्यांच्या वाटा तुला ठावं. सांग, खड्डं कुठं काढायचं? एका रात्रीत कळप संपवतो."

बायडानं चिमाला मांडीवर घेतलं होतं. पोरीची जीभ टाळूला चिकटलेली. ती पाटलाकडं न बघता म्हणाली, "मारू नगासा, पाटील. काट्यांची कुपाटी घाला. घळीपासनं वस्तीपातूर. चारशे पावलं बास."

"अन् ती फिरून दुसरीकडनं आली म्हंजे?"

"कुठनं येतील? तिकडं घळ, इकडं आमची कुत्री. चार दिस उभी राहतील, मग जातील नदीवर. पाणी संपलं की मुक्काम हलवायचा, येवढं मुक्या जनावराला बी कळतंय."

लखाई आतून ओरडली, "व्हय व्हय, जातील! काळवीट घोड्यावर बिऱ्हाड लादंल, कानतुटी कोंबड्या बांधंल, अन् निघतील वाजतगाजत."

त्या दिवसांतही माणसं हसली. बायडाही हसली. पण तिला ते खरंच वाटत होतं. ही चूक धनगराच्या बाईनंच करावी अशी होती. कुणा शेतकऱ्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, की बाई, आपली माती सोडून जाणं सगळ्यांना जमत नाही. पण तिचं सगळं आयुष्य पाठीवरच्या बिऱ्हाडाचं. जागा सोडता येत नाही, असंही कुणी असतं, हे तिला कुठून कळावं?

दोन दिवसांत कुपाटी उभी राहिली. बोरीच्या काटेरी फांद्या, पुरुषभर उंच, बुडाशी धोंडे. पहिली फांदी बायडानं ठेवली. मातीला हात लावून म्हणाली, "बिरोबाची आण. पाऊस पडला की पहिला काटा मीच काढीन. तुमची वाट तुम्हास्नी माघारी दीन."

दुसऱ्या दिवशी उजाडताना हरणं आली. कानतुटी पुढं. काट्यांपुढं येऊन थांबली, मान वर करून पाण्याचा वास घेतला. हरणाची उडी मोठी. त्यांनी मनात आणलं असतं तर ओलांडली असती म्हणतात. पण वाटेत उभ्या राहिलेल्या गोष्टीवरून हरीण सहसा उडी घेत नाही, ते तिच्यापुढं उभं राहतं. कळप दिवस कासराभर वर येईपर्यंत उभा राहिला आणि माघारी गेला.

कुंड वाचलं. त्या दिवशी चिमानं वाटीभर पाणी पोटात ठेवलं. आठ दिवसांत पोर बसू लागली. बाया बायडाच्या पाया पडू लागल्या.

रोज हरणं येत. बायडा रोज मोजी. पहिल्या दिवशी चार विसा होती. मग तीन विसा. मग दोन. कमी झाली की तिला हायसं वाटायचं. घरी येऊन सासूला सांगायची, "आत्याबाई, आज धाबारा कमी हायती. गेली नदीवर." टेकाडामागं गिधाडं फिरत होती, पण दुष्काळात गिधाडं कुठं फिरत नाहीत?

लखाई ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली, "नदीवरनं कुणी सांगावा धाडला व्हय गं?"

वैशाखात जळणाला काही उरलं नाही, म्हणून बायडा सुकं शेण, काटक्या मिळतील तर बघावं म्हणून घळीत उतरून पलीकडं गेली. टेकाड चढली. चढून बघते तर खोलगटीत सगळी पडलेली. काही नुसती हाडं, काही कालची. वीस, चाळीस, साठ. आणि सगळ्यांची तोंडं झऱ्याकडं. नदीच्या अंगाला तोंड केलेलं एकही नव्हतं. एकानंही, एक पाऊलभर, मुक्काम हलवला नव्हता.

कानतुटी कडेला पडली होती. अजून धुगधुगी होती. बायडा जवळ गेली तरी उठली नाही, फक्त डोळा फिरवला, आणि बायडानं ओळखलं की ती मुद्दाम दुसरीकडं बघते आहे. हरणी कुठं बघत नाही ते बघावं, हे तिला इतक्या वर्षांत कळलं होतं. तिनं मागं वळून पाहिलं. वीस पावलांवर कुसळीच्या गवतात पाडसू दडवलेलं होतं. हातभर. अंगावर माशा, पण कान हलवत नव्हतं. आईनं सांगितलं होतं ना, हलू नको.

बायडानं ते उचललं. कानतुटीनं मान टाकली.

पाडसू लखाईच्या ओटीत टाकून बायडा तशीच कुपाटीकडं गेली आणि काटे ओढायला लागली. पाटील धावत आला. "अगं, पाऊस पडंस्तवर ठरलं हुतं! तुझी पोर जगली, आता गावाच्या लेकरांचं काय?"

"माझी लेक जगली म्हणून तर." एवढंच ती म्हणाली. हात रक्तानं भरले होते. पाटील उभा राहिला, मग त्यानं एक धोंडा बाजूला सारला, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरापर्यंत पट्टी साफ झाली. तिनं जमीन झाडून काढली. एक काटा ठेवला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बाया पाण्याला आल्या, तर बायडा कुंडाच्या काठावर बसलेली. म्हणाली, "थांबा. आधी त्यांस्नी पिऊ द्या. मग उरंल ते आपलं."

बाया थांबल्या. तान्ही लेकरं काखेत, घागरी रिकाम्या, तरी थांबल्या.

हरणं आली. अकरा होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. सरळ वाटेनं चालत आली, आणि जिथं काल काटे होते तिथं थांबली. पुढं काही नव्हतं. पाणी चमकत होतं. एका हरणीनं पाय उचलला, तो हवेतच धरला, आणि खाली ठेवला तो वळून.

अकराच्या अकरा माघारी गेली.

लखाई काठी टेकत आली होती, ती म्हणाली, "काठी काढलीस गं तू. पर मेंढरू उडी मारतंयच की."

या वेळी कुणी हसलं नाही. बायडा उठली, आपली घागर खडकावर पालथी घातली, आणि म्हणाली, "यांतलं एक तरी इथं येऊन पाणी पिईल, तवाच मी या झऱ्याचं पाणी पिईन."

तेव्हापासून ती घळीच्या तळाशी वाळू उकरून मचूळ पाणी प्यायची. पुढं पाऊस पडला, झरा वाहू लागला, धुळा मेंढरं घेऊन परत आला. त्यानं समजावलं, चिडून भांडला. तिनं ऐकलं नाही.

तिनं काय काय केलं ते विचारू नका. घागरीनं पाणी पलीकडं नेऊन ठेवलं. माणसाच्या हाताचा वास आलेल्या पाण्याला हरणांनी तोंड लावलं नाही. जमिनीत काट्यांचा वास राहिला असेल म्हणून पट्टी जाळली. पावसात तिथं लुसलुशीत गवत आलं, हरणं त्या रेघेपर्यंत चरत आली आणि अलीकडचं तसंच ठेवून गेली. नवी पाडसं जन्मली. त्यांनी कुपाटी पाहिली नव्हती. त्यांनी आया वळताना पाहिल्या.

बायडाची सगळी आशा तांबीवर होती. तांबी म्हणजे कानतुटीचं पाडसू. त्या एका मेंढीच्या दुधावर चिमा आणि तांबी दोघी वाढल्या. लखाई म्हणायची, "एक नात दोन पायांची, एक चार पायांची. चार पायांची कामाची, हाका मारल्या की येती तरी." तांबी रोज उजाडताना कुंडावर पाणी प्यायची. पण ती घरची. तिचं पिणं नवसात धरता येत नाही, असं बायडाच म्हणाली. रोज ती तांबीला घेऊन रेघ ओलांडायची. पलीकडं जायची, अलीकडं यायची. असं दोन वर्षं. तांबीला तिथं काही आहे असं कधी वाटलंच नाही. ती तिथं उड्या मारीत खेळायची.

बायडा सासूला म्हणायची, "आत्याबाई, हिनं काठी बघितलीच न्हाई. ही कशाला थांबंल? हिची आई पुढारीण, ही बी हुईल. अन् ही आली की तिच्यामागं समदी येतील."

लखाई म्हणायची, "येऊ दे गं बाई. मला बी ते बघून मरायचंय." ते न बघताच ती गेली.

तिसऱ्या वर्षी तांबी वयात आली. एके दिवशी पलीकडं काळवीट उभा राहिला, मान मागं टाकून, काळा कुळकुळीत. तांबी रेघ ओलांडून गेली ती परत आली नाही. बायडा रडली नाही. तिनं तीन वर्षं हेच तर मागितलं होतं.

मग ती वाट बघू लागली. एक पावसाळा गेला, एक उन्हाळा गेला. कळपात तांबीनं पाडसू घातलं, आणि हळूहळू ती पुढं चालू लागली. आधी तिसरी, मग दुसरी. चैत्रात पलीकडच्या ओढ्यातली डबकी आटली, आणि एका पहाटे कळप झऱ्याच्या वाटेला लागला. सगळ्यांपुढं तांबी.

सगळं गाव कुंडाशी जमलं होतं. रायाजी पाटील आता थकलेला, तोही धरून आणलेला. बायडानं चिमाला पुढं घेतलं. तांबी आली, रेघेपाशी आली. झऱ्याकडं बघितलं. बायडानं दुधाच्या वेळची हाक दिली, "तांबे, ये, ये, ये..." तांबीचे कान फिरले. तिनं ती हाक ओळखली, हे सगळ्यांनी बघितलं. एक पाय उचलला. तिच्या कुशीला तिचं पाडसू होतं, तेही बघत होतं.

तांबीनं मान खाली घातली, जमीन हुंगली, आणि वळली. कळप तिच्यामागं वळला. सगळ्यांत शेवटी पाडसू वळलं.

बायडा किती वेळ तशीच उभी होती कोण जाणे. मग ती हळूच बोलली, जणू सासूशीच बोलतेय तशी: "शेवटच्या मेंढीनं तरी काठी कुठं बघितलेली असती?"

त्यानंतर ती या गोष्टीवर कधी बोलली नाही. रोज पहाटे कुंडाशी येऊन बसायची, हरणं वळेपर्यंत. बाया तिच्यासाठी थांबायच्या. म्हातारी झाली, घळीत उतरवेना, तेव्हा चिमा तिच्यासाठी मचूळ पाणी आणायची. शेवटच्या दिवशी जीव घुटमळू लागला. चिमानं ओंजळीत झऱ्याचं पाणी आणलं, म्हणाली, "आय, आली गं हरणं, पिऊन गेली. आता तू पी." बायडानं डोळे उघडून लेकीकडं बघितलं. लेक दुसरीकडं बघत होती.

बायडानं ओठ मिटून घेतले ते मिटूनच घेतले. चिमाच्या बोटांतून पाणी गळून गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाया पाण्याला आल्या. थांबवायला कुणी नव्हतं. तरी कुणाची घागर बुडाली नाही. चिमा आईच्या जागी जाऊन बसली, आणि बाकीच्या तिच्याशेजारी बसल्या.

आजही चुळझरीत पहाटेचं पाणी आधी कुणी भरत नाही. दुष्काळ असो, घरात लगीन असो, की कुणाचं लेकरू तहानलेलं असो. या गावात बांधाला कुणी काटे लावत नाही. आणि उन्हाळ्यात पलीकडची डबकी आटली की टेकाडामागं आजही गिधाडं दिसतात. पूर्वी हरणं विसांनी मोजत. आता बोटांवर मोजून होतात. परवाच्या पहाटे सात आली होती. पुढच्या हरणीनं पाय उचलला, हवेत धरला, तेव्हा बायांच्या ओळीत कुणी श्वास घेतला नाही. मग ती वळली. कुंडाचं पाणी सांडत होतं, आणि म्हातारीनं गुडघ्याला हात देऊन उठत आपली घागर सरळ केली.